सैल मुंडक्याची दफा
सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ-धर्मपीठाने अमेरिकन जोडीदारासह सिद्ध केलेल्या संहितेनुसार, खेळ चालू असता काठीचे मुंडके दांड्यापासून ढिले झाले किंवा मूठ फिरू लागली, तर 2023 पासून बदली काठी घेण्याची मुभा आहे. मात्र तीच दुर्दशा, चेंडू तळ्यात गेल्याच्या संतापाने काठी झाडावर आपटून ओढवलेली असेल, तर बदली नामंजूर, फार तर पूर्ववत दुरुस्त करावी, नाहीतर त्याच लुळ्या काठीने उरलेला डाव निभावावा, असा हुकूम आहे. पोकळ टायटॅनियमी मुंडक्यात सुटलेला डिंकाचा खडा खुळखुळ्यासारखा वाजू लागला, तर कारागीर बहुधा तो बाहेर काढण्याच्या फंदात न पडता आत चिकट द्रव सोडून त्यास जागीच गप्प करतो. सरकारी चौकश्यांशी परिचय असणाऱ्यांस ही रीत नवी वाटू नये. 14 काठ्या बाळगणारा सद्गृहस्थ मात्र सैल भागाचा शोध नेहमी मुठीच्या खालीच करतो.