निर्मळतेचे ११ वर्ग

प्राचीन रत्नशास्त्राने मल, बिंदू, यव, रेखा आणि काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण, असे हिऱ्याचे पाच दोष सांगून सदोष हिऱ्याच्या धन्यावर संकटे ओढवतात असे बजावले; आधुनिक प्रतवारीने संकटे वगळली आणि वर्ग मात्र ११ केले. 'एफएल', म्हणजे निर्दोष, येथून 'आय३'पर्यंतची ही उतरंड १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते. त्यामुळे 'व्हीव्हीएस' प्रतीतील जो ठिपका तज्ज्ञालाही भिंगातून मुश्किलीने गवसतो, तोही नको म्हणून ग्राहक आणखी वरच्या प्रतीचे पैसे मोजतो, आणि पुढे तीच अंगठी कणीक मळताना माखून सर्व प्रतींसारखीच निस्तेज दिसते. त्याखालच्या 'व्हीएस' प्रतीचा हिरा नुसत्या डोळ्यांना बहुधा स्वच्छच दिसतो, शिवाय लखलखाट मुख्यतः पैलूंच्या घडणीवर अवलंबून असतो, हे सांगण्याची दुकानात सहसा कोणाला घाई नसते. विहीणबाई (अद्याप तरी) भिंग घेऊन मांडवात येत नाहीत. गोवळकोंड्याच्या मुलखातील मानला जाणारा, ४५.५२ कॅरटचा 'होप' हिरा १९८८ साली तपासला गेला, तेव्हा त्यालाही 'व्हीएस१' याच प्रतीवर समाधान मानावे लागले. हा हिरा जपणाऱ्या वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने तो बदलून मागितल्याची नोंद नाही.