चोर ओळखायचा तर समोर बसा

एकाच वट्यावर चार पोरं बसलेली, चौघांच्या हातात चार मोबाइल, आणि चौघं एकमेकांशीच लुडो खेळताहेत. आखाडा बाळापुरातच काय, हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या कुठल्याही गावात संध्याकाळी हे दिसेल. मांडीला मांडी लागलेली असते, पण नजर कुणाची कुणावर नसते. सोंगटी मेली की आरडाओरडा होतो, तोही पडद्याकडे बघून. याला खेळ म्हणायला माझी हरकत नाही. एकत्र खेळणं म्हणायला मात्र ठाम हरकत आहे.

फरक समजून घ्यायचा तर लुडो घटकाभर बाजूला ठेवा आणि चिठ्ठ्यांचा खेळ आठवा. राजा, प्रधान, शिपाई, चोर. वहीचं मधलं पान फाडायचं, चार चिठ्ठ्या करायच्या, घड्या घालून उधळायच्या. राजाला हजार, प्रधानाला आठशे, शिपायाला पाचशे, चोराला भोपळा. गुणांचा दर गल्लीगणिक बदलतो, खेळ बदलत नाही. राजा आणि शिपाई आपली चिठ्ठी उघड करतात. उरलेल्या दोघांतला चोर शिपायानं ओळखायचा. चुकला तर त्याचे पाचशे चोराला.

आता हिशेब करा. डोळे मिटून बोट दाखवलं तरी शिपाई निम्म्या वेळा बरोबर येणार. मोबाइलवर परक्या भिडूंशी खेळलात तर एवढंच हाती लागतं, कारण समोर चेहरा नसतो. वट्यावर गोष्ट वेगळी. चोर झालेलं लेकरू चिठ्ठी वाचतं आणि घडी आधीपेक्षा घट्ट करून मुठीत दाबतं. प्रधान झालेली थोरली मुद्दाम खाली बघते, म्हणजे संशय तिच्यावर जावा. शिपाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघतो, 'तूच!' म्हणून एकावर हात उगारतो आणि दुसऱ्याच्या ओठाचा कोपरा हलतो का ते टिपतो. खोटं बोलायला शिकणं, खोटं पकडायला शिकणं आणि पकडलं गेल्यावर हसून चिठ्ठी टाकून देणं, हे सगळं त्या दोन मिनिटांत होतं. हाच तर खेळ आहे. गुण लिहिणं नुसतं निमित्त.

सोंग घेऊन खेळायच्या या प्रकाराला अमेरिकेत 1974 साली मोठं रूप मिळालं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. योद्धा, चोर, मांत्रिक. कुणी काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं आणि ते जमलं की फसलं याचा निकाल वीस बाजूंच्या फाशानं द्यायचा. एक डाव तासन् तास चालतो, एक गोष्ट वर्षानुवर्षं. 2012 पासून 'रोल ट्वेंटी'सारख्या संकेतस्थळांवर हाच खेळ घरबसल्या खेळता येऊ लागला आणि करोनाच्या काळात टेबलावरचे कितीतरी गट पडद्यावर गेले. तिथंही हाच वाद आहे. पडदा नकाशा दाखवतो, बेरीज-वजाबाकी करतो, दोन देशांतले मित्र एका डावात बसवतो. पण दोघं एकदम बोलले की दोघांचंही तुटतं, आणि गोष्ट सांगणाऱ्याला समोरचा रंगलाय की कंटाळलाय ते कळत नाही. सोंग वठलं की नाही हे बघणाऱ्याच्या तोंडावरच कळतं. सोंगी भारूड करणाऱ्या कुठल्याही कलावंताला विचारा, तो हेच सांगेल.

आपल्याकडे ही समज फार जुनी आहे. वेरूळच्या 21 आणि 29 क्रमांकाच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. शिल्पकारानं पट किती घरांचा होता याची फिकीर केलेली नाही. त्याचं सगळं लक्ष त्या दोघांच्या रुसण्या-मनवण्यावर आहे. आपल्या खंडोबाच्या कथेत तर सारीपाटातूनच सोंग निघतं. म्हाळसेशी पैजेचा डाव हरलेला देव धनगराच्या घरी चाकर होऊन राहतो आणि बाणाईला मिळवतो. डाव मांडणारी माणसं एकमेकांची कोण लागतात, यावरच आपल्या खेळांच्या गोष्टी उभ्या आहेत.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. फाशावर सहा पडण्याची शक्यता दर वेळी सहात एक. दहा वेळा टाकूनही एकदाही सहा न पडणं साधारण 16 टक्के वेळा घडतं, म्हणजे सरासरी सहातल्या एका भिडूच्या वाट्याला ते येतं. मोबाइलवर तसं झालं की पोरगं म्हणतं, 'अ‍ॅप फसवतंय.' खरं-खोटं तपासायला त्याच्या हातात काहीच नसतं. चल्लस-आठ खेळताना जमिनीवर खडूनं पंचवीस घरं आखलेली असतात आणि चार कवड्या, नाहीतर घासून फोडलेले चिंचोके, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडतात. चारही उताणे पडले की चार, चारही पालथे पडले की आठ. चिंचोका घराच्या रेषेवर तिरका उभा राहिला की भांडण होतं. ते भांडण व्हायलाच पाहिजे. 'पुन्हा टाक' यावर चौघांचं एकमत होईपर्यंत डाव पुढं सरकत नाही, आणि एकमत करणं लेकरं तिथंच शिकतात. मोबाइल भांडणाची वेळच येऊ देत नाही, म्हणून समजुतीची वेळही येत नाही.

मोबाइलला शिव्या घालून मोकळं व्हावं, असं मात्र मी म्हणणार नाही. लुडो किंग हा खेळ 2016 साली नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनं आणला आणि 2020 च्या टाळेबंदीत त्यानं लाखो घरांना धरून ठेवलं. आपल्या भागातली पोरं पुण्याला, मुंबईला, हैदराबादला कामाला आहेत. चाकणच्या खोलीत राहणारा भाऊ रात्री नऊ वाजता बाळापुरातल्या बहिणीशी एक डाव खेळतो आणि खेळता खेळता आईच्या गुडघ्याची चौकशी करतो, तेव्हा तो मोबाइल पुण्याचं काम करत असतो. त्या डावाला कुणी नावं ठेवू नयेत. तिथं अंतर खरं आहे. वट्यावर मांडीला मांडी लावून बसलेल्यांमधलं अंतर आपण स्वतः तयार केलेलं आहे, आणि माझं भांडण त्याच अंतराशी आहे.

पैशाच्या डावांबद्दल तर दुमत असूच नये. पत्त्यांच्या घरगुती डावात हरलेला गडी समोर दिसतो. त्याचा उतरलेला चेहरा बघून कुणीतरी म्हणतं, 'बस कर आता, घरी जा.' ऑनलाइन रमीत असं म्हणणारं कुणी नसतं. रात्री दोन वाजता पांघरुणात हरणाऱ्याला अ‍ॅप आणखी खेळायचा आग्रह करत राहतं. सोयाबीनचे, हळदीचे आलेले पैसे असे गेले की घरच्यांना कळतं ते सगळ्यात शेवटी. संसदेनं 21 ऑगस्ट 2025 रोजी ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर दिसलेल्या रमीवरून राज्यभर गदारोळ झाला होता. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा मंत्र्यांनी केला, तरी कृषी खातं गेलंच. त्यावर आपण सगळे पोटतिडकीनं बोललो. तेवढ्याच पोटतिडकीनं आपल्या घरातल्या मोबाइलवर काय चालतं ते विचारलं का?

कायदा अ‍ॅप बंद करू शकतो. रिकामी झालेली संध्याकाळ भरायचं काम घरातल्या मोठ्यांचं आहे. लेकरांच्या हातातून मोबाइल हिसकावून आपण आपल्या मोबाइलमध्ये तोंड घातलं, तर लेकरं आपलं ऐकणार नाहीत, आणि त्यांचंच बरोबर असेल.

म्हणून आई-बापांना, आजी-आजोबांना, शाळेतल्या गुरुजी-बाईंना एकच मागणं आहे. माणूस दूर असेल तर मोबाइलवर खुशाल खेळा. एका छपराखाली असाल तर मोबाइल फडताळात ठेवा आणि पट मांडा. चिठ्ठ्यांना वहीचं एक पान लागतं, चल्लस-आठला खडू आणि मधोमध फोडलेले दोन चिंचोके. चौथा भिडू कमी पडला तर तुम्ही बसा. आज रात्री जेवणं झाली की बसा.