रिबूट न करता

"सर्व्हर बंद न करता डिस्क वाढवतो," असं मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून बसलो होतो. मला कोणी विचारलंही नव्हतं. शंभर जीबी भरत आले होते. दीडशे पुरले असते, पण 'असू द्यावेत' म्हणून मी दोनशे मागितले आणि दिवाळीला रनाळ्याला निघून आलो.

आमच्या घरात रेंज येते ती फक्त धाब्यावर, आणि नंदुरबार तालुक्यात त्या दिवसांत धाबं मिरचीचं असतं, माणसाचं नव्हे. लाल मिरच्यांच्या कडेला मांडी घालून लॅपटॉप उघडला. डिस्क तिकडे वाढली होती, पण लिनक्सला पत्ता नव्हता. खरेदीखत झालं तरी सातबाऱ्यावर नोंद नाही, तसलाच प्रकार. डिस्कच्या 'रिस्कॅन' फाइलमध्ये १ लिहिला तेव्हा कर्नलने दोनशे कबूल केले. पार्टिशन मात्र शंभरालाच अडून.

पार्टिशन वाढवणाऱ्या ग्रोपार्टला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा सुटा द्यावा लागतो, मध्ये जागा सोडून. नेमका तेव्हाच मिरच्यांचा खाट उठला. डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका. ती जागा दिसते कुठली! 'पार्टिशनचा आकडा द्या' म्हणून तो अडून बसला आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो.

काका जिन्यातून डोकावले. "बंद करीसन चालू कर ना भो!"

मी त्यांना अपटाइमवर व्याख्यान दिलं. मग डोळे पुसून ती जागा सोडली, पार्टिशन वाढलं, आणि ऐटीत रिसाइझ-टू-एफएस चालवलं. उत्तर आलं: सुपरब्लॉकमधला मॅजिक नंबर चुकीचा. ही आज्ञा ईएक्सटी-फोरची, आणि आमचा सर्व्हर एक्सएफएसवर. रेड हॅटने तर २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून एक्सएफएस हीच मूळ निवड केलेली. हे मी नवीन पोरांना शिकवतो. एक्सएफएस-ग्रोएफएसला माउंटचा पत्ता दिला आणि चालत्या सर्व्हरवर क्षणात दोनशे! खाली जाऊन काकांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा शोधला नाही.

सोमवारी साहेबांचा फोन. स्टोरेजचं बिल बघून म्हणाले, "पन्नास परत करा."

एक्सएफएस वाढते, पण व्यवहारात आक्रसत नाही. बॅकअप घ्या, लहान डिस्कवर नवी फाइलसिस्टीम करा, सगळं परत भरा.

"आणि तोवर सर्व्हर?"

"बंद," मी म्हणालो.