नाकापेक्षा गेम जड

आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड औषधालाही नाही, दुकानदाराने 'प्रोजेक्टसाठी उत्तम' म्हणत गळ्यात मारलेला लॅपटॉप. आणि त्यावर चालवायचं काय? तर सायबरपंक २०७७! शिव शिव! काही लाजलज्जा?

अहो, हा तोच गेम, ज्याने भल्याभल्यांना घाम फोडला. १० डिसेंबर २०२० ला बाजारात आला आणि प्लेस्टेशन ४ वर असा काही अडखळला, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, गिऱ्हाइकांना पैसे परत दिले. पुन्हा मांडला तो थेट २०२१ च्या जूनमध्ये. २०२३ पासून तर कंपनी स्वच्छ सांगते: १२ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० कार्ड आणि एसएसडीवर ७० जीबी जागा असेल तर या. हे किमान, बरं का! मग ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने काय करायचं? गप पत्ते खेळायचे? छे! त्याने ताईच्या लग्नाचा व्हिडिओ उडवला, जागा केली आणि गेम उतरवून घेतला. ताईला अजून पत्ता नाही.

आणि मग जे सुरू होतं ते पाहवत नाही. (पाहतो आपण सगळेच, ती गोष्ट वेगळी.) पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडच्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून नाइट सिटी उभी केली. पावसाने चकाकणारे रस्ते, डबक्यात थरथरणारे निऑनचे बोर्ड, धुकं, ढग, माणसांचे लोंढे. आमचे चिरंजीव पहिल्या रात्री काय करतात? धुकं लो. ढग तळाला. सावल्या लो. डबक्यातलं प्रतिबिंब बंद. मोशन ब्लर आणि फिल्म ग्रेन तर दारातूनच परत पाठवले. बिचाऱ्या प्रोसेसरला झेपत नाही म्हणून गर्दीचं प्रमाणसुद्धा लो! भविष्यातलं ते अक्राळविक्राळ महानगर आता दुपारी दोनच्या सदाशिव पेठेसारखं सामसूम. एवढं सगळं खरवडून काढायचं होतं, तर सुंदर गेम घेतलाच कशाला?

या गेममध्ये प्रतिबिंबांच्या दर्जाची सगळ्यात वरची पायरी आहे ना, तिचं नावच 'सायको'. नाव झकास आहे. पण खरे सायको कोण? ती पायरी लावणारे, की तळाची लावून पहाटेपर्यंत जागणारे?

बरं, एवढ्यावर भागतं का? १०८० वर पडद्यावर २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. ७२० वर आणलं की उरतात ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहून कमी. तेही जड झाले की एएमडीचं एफएसआर. चित्र आतल्या आत लहान काढायचं आणि ताणून मोठं दाखवायचं. त्यातली 'अल्ट्रा परफॉर्मन्स' पायरी लावली की ७२० च्या जागी आत जेमतेम २४० ओळी. कियानू रीव्हजसारखा माणूस समोर उभा, आणि त्याची दाढी कुठे संपते, मागची भिंत कुठे सुरू होते, कळेल तर शपथ! पण पोरगा म्हणतो, 'बटर चालतंय, बटर!'

कारण त्याचं लक्ष कियानूकडे नाहीच मुळी. ते आहे डाव्या कोपऱ्यातल्या आकड्यावर: सेकंदाला फ्रेम किती? अठ्ठावीस, एकतीस, एकोणतीस. श्रीमंतांचे साठ, आपले तीस. तीसच्या खाली घसरलं की चेहरा पडतो, आणि कुणी टोचलंच तर उत्तर तयार: 'सिनेमासुद्धा चोवीसवर चालतो, काका!' कथा कुठवर आली, कियानूचा जॉनी सिल्व्हरहँड नायकाच्या डोक्यात कसा शिरला, असलं काही विचारू नका. पहिलं मिशन तसंच पडलंय, गेममधला बेंचमार्क मात्र तोंडपाठ.

आता खरं सांगायचं, तर या वेडात शहाणपण अगदीच नाही असं नाही. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सची चिप साध्या रॅममधूनच उसनवारी करते. रॅमची एकच पट्टी असेल तर रस्ता एकपदरी. शेजारी दुसरी बसवली की वाहतूक दुपदरी होते आणि कोपऱ्यातला आकडा टुणकन वर जातो. तापलं की चिप आपोआप मंदावते, म्हणून शहाणे तीसवर कुलूप ठोकतात: उगाच चाळीसवर धावून दम लागायला नको. म्हणूनच इंजिनीअरिंगची जाडजूड पुस्तकं अखेर उघडली नाहीत तरी उपयोगाला आली. लॅपटॉपची मागची बाजू त्यांच्यावर टेकवायची, खालून हवा खेळती. समोर टेबलफॅन. एक महाभाग बर्फाची पिशवी लावतात म्हणे! बाहेरून पाणी सुटेल आणि एकदाच काय ते कायमचं थंड होईल, हे त्यांना कोण सांगणार?

आणि बाटलेल्यांची तर गणतीच नको. ज्या बाबांनी 'हा अभ्यासासाठी घेतलाय' म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, ते आता रात्री पाणी प्यायला उठतात आणि दारातूनच विचारतात, 'किती आले रे?' 'सव्वीस.' 'मग सावल्या पार बंदच कर की!' आई म्हणते, मिक्सरपेक्षा याचाच पंखा जास्त ओरडतो. पण परवा त्या आवाजावरूनच तिने ओळखलं, की चार्जर निघालाय. बॅटरीवर लॅपटॉप हातपाय गाळतो, हे आता तिलाही पाठ झालंय.

आपण हसतोय खरे. पण मोबाइलवरच्या बीजीएमआय गेममध्ये ग्राफिक्स 'स्मूथ' आणि फ्रेम रेट 'एक्स्ट्रीम' कुणी लावून ठेवलाय? गवत दिसलं नाही तरी चालेल, गोळी आधी सुटली पाहिजे, असं बिल्डिंगच्या ग्रुपवर कोण सांगत होतं? आणि सेलमध्ये रॅमच्या पट्टीचा भाव बघून ठेवणारे ते सद्गृहस्थ कोण?

जाऊ द्या. कालच नवा ग्राफिक्स ड्रायव्हर आलाय म्हणे. दोन फ्रेम वाढतात असं ऐकतोय. टाकला का तुम्ही?