दोरीच्या अलीकडे

उपड्या टोपलीखाली काहीतरी असतंच, असं आपण उगाचच धरून चालतो. आजोळच्या परसात एक डालगं उपडं पडलेलं असे आणि त्याच्या आत कोंबडीची पिल्लं. दुपारी सगळं घर निजलं, की मी डालग्याच्या फटीला डोळा लावून बसायचो. आतून एखादं पिल्लू त्याच फटीला डोळा लावायचं, आणि आम्हा दोघांतलं कोंडलेलं कोण, हे मला बराच वेळ ठरवता यायचं नाही. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, मार्चमधल्या एका संध्याकाळी, मी पुन्हा एका उपड्या टोपलीसमोर उभा होतो. या खेपेला माझ्यासोबत पन्नासेक माणसं होती, आणि एवढी माणसं असूनही देवळात काकडआरतीच्या आधी असते तशी शांतता होती.

लेकीच्या शाळेनं दोन रात्रींचं पालक-पाल्य शिबिर काढलं होतं. जायचं होतं मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, समुद्रकिनाऱ्यावरचे जीव बघायला. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. अख्ख्या पेशवाईचा कारभार ज्यानं हाकला त्याच्या गावात आम्हा पुणेकर बापांना एक तंबू धड उभा करता येईना. पोफळीच्या वाडीत आम्ही सहा जण एका तंबूभोवती आपापली मतं घेऊन उभे होतो, आणि तंबू बिचारा प्रत्येकाच्या मताप्रमाणे थोडा थोडा कलत होता. यजमान काकू पडवीतून हे पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त जाता जाता म्हणाल्या, "पडवीत गाद्या घालून ठेवते हो, असू देत." मध्यरात्रीपर्यंत पाच बाप पडवीत पोचले. सहावा सकाळी सापडला, तोही पडवीतच, फक्त झोपाळ्यावर.

यजमान काकांचा समुद्राशी फार जुना हिशेब. आमच्यातल्या एकानं भरतीची वेळ मोबाईलवर शोधायला घेतली, तोवर काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहून सांगून टाकलं, "आज षष्ठी. साडेचारला पूर्ण भरती." तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते! माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणत, तेव्हा हे पाढे कशाला लागत असतील, असा प्रश्न मला पडायचा. समुद्र पाऊणकीत चालतो, हे मला कुणी तेव्हाच सांगितलं असतं, तर गणिताशी माझं इतकं वाकडं गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला शिबिराच्या ताई आम्हाला पुळणीवर घेऊन गेल्या. ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे कामाला लागले होते. वाळू तोंडाशी न्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं टिपायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून मागे टाकायची. लग्नघरातल्या बायका लाडू वळायला बसाव्यात, तशी बिळाबिळाभोवती गोळ्यांची आरास मांडलेली. पुढच्या भरतीला ती सगळी पुसली जाणार आणि पाणी उतरलं, की पुन्हा पहिल्यापासून मांडायची. मुलं त्या नक्षीवरून बिनधास्त धावली. आया मात्र ताज्या पुसलेल्या फरशीवरून चालावं, तशा चवड्यांवर चालत होत्या; रोज पुसलं जाणारं काम त्यांना लांबूनही ओळखू येत असावं.

पण सगळे आले होते ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही पाहत नाही. पुढचे पन्नासेक दिवस अंडी वाळूच्या उबेवर. पिल्लू नर की मादी, हेही त्या उबेनंच ठरवायचं. पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ पासून ती जपायला सुरुवात केली, आणि आता गावातलेच कासवमित्र रात्री किनारा पालथा घालून अंडी कुंपणाच्या आत आणून पुरतात. प्रत्येक घरट्यावर एक टोपली उपडी घातलेली. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायची.

पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली, तर खाली वाळू. सकाळी उचलली, तर पुन्हा वाळू. पण ती वाळूसुद्धा आम्ही पन्नास जणांनी इतक्या भक्तिभावानं पाहिली, की कासवमित्रालाच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या संध्याकाळी मात्र टोपलीखाली एक पिल्लू होतं. एकच. काळसर, तळहातावर मावेल एवढं, आत्ताच झोपेतून उठवल्यासारखं.

दोरी बांधली होती. आम्ही अलीकडे, समुद्र पलीकडे. पिल्लू पाण्यापासून काही पावलांवर वाळूत ठेवलं गेलं. ते चार वल्ही मारायचं आणि थांबायचं. एक लाट आली आणि त्याला उलटं मागे टाकून गेली. दोरीमागून पन्नास तोंडांतून एकदम "अगं आई गं" निघालं. एका बापाला राहवेना. लेकाची पिशवी, बाटली, टोपी आणि एक चप्पल एवढं सगळं त्याच्या हातात होतं. "उचलून पाण्यात का नाही सोडत त्याला?" कासवमित्र वळलासुद्धा नाही. "चालू दे त्याचं त्याला. मादी असली, तर मोठी होऊन याच बाजूला येते म्हणतात. आपण उचललं, तर वाट कशी कळायची तिला?"

हजारात एखादंच जगतं, असं ताई आधी सांगून चुकल्या होत्या. तो आकडा त्या क्षणी प्रत्येक पालकाच्या मनात होता आणि प्रत्येकाचा हात नकळत आपापल्या पोराच्या खांद्यावर गेला होता. माझाही. लेकीनं तो अलगद काढला आणि ती दोरीला आणखी चिकटून उभी राहिली. तिसऱ्या लाटेनं पिल्लाला नेलं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं बजावलं होतं, ते बरंच झालं. हात तसेही कुणाचे मोकळे नव्हते.

सोमवारी लेकीला शाळेत सोडायला गेलो. रोज मी दप्तर घेऊन फाटकाच्या आत पायरीपर्यंत जातो. त्या दिवशी तिनं दप्तर मागून घेतलं, पाठीवर चढवलं आणि फाटकाबाहेरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, तू दोरीच्या अलीकडे थांब." मग निघाली. दप्तर तिच्याहून रुंद. पटांगणाच्या मधोमध थांबली, घसरलेला मोजा वर ओढला, पुन्हा चालू लागली. मागून कुणाचा तरी धक्का लागला, तशी जराशी भेलकांडली. मी एक पाय उचलला होता. मग तो खाली ठेवला, पट्ट्याच्या अलीकडेच, आणि ती पायरी चढून दिसेनाशी होईपर्यंत तिच्या रिकाम्या बाटलीचं झाकण उघडत-लावत उभा राहिलो. बाटली द्यायची राहिली होती.