आमचे हे माइकला लागले

दुसऱ्याच्या घरचं असतं तर मी तोंडातून चकार शब्द काढला नसता. पण आमच्याच घरचं आहे, तेव्हा सांगायला हरकत काय?

तर आमचे हे. वय वर्षं 47, बँकेत कर्ज विभागात अधिकारी, आजवरचं एकमेव व्यसन सुपारीविरहित बडीशेप. हे गृहस्थ अचानक दर गुरुवारी रात्री इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडू लागले. तीन गुरुवार मी गप्प बसले. चौथ्या आठवड्यात पँट धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी सापडली. ‘आई – दाखला. बायको – कुकर. टकल्या मॅनेजर. शेवटी परत दाखला.’ काय समजायचं माणसाने? भानगड बाईची निघाली असती तर निदान माहेरी सांगता तरी आलं असतं. ही निघाली ओपन माइकची!

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारण ही साथ तुमच्याही सोसायटीत येणार आहे. एखाद्या कॅफेच्या तळघरात वीस-पंचवीस खुर्च्या मांडतात. एकेकाने उठून पाच मिनिटं बोलायचं, लोकांनी हसायचं. त्या पाच मिनिटांना म्हणायचं ‘सेट’, जागेला ‘स्पॉट’, आणि कोणीच हसलं नाही तर ‘बॉम्ब झालो’. चार मिनिटं झाली की मागून आयोजक मोबाइलचा टॉर्च दाखवतो, म्हणजे आवरा. इतका उजेड पाडूनही काही जण उठत नाहीत, ते वेगळं. काही ठिकाणी बोलायला मिळावं म्हणून पैसे भरायचे असतात, काही ठिकाणी दोन मित्र पकडून आणायची अट. आणि प्रेक्षक म्हणजे कोण? पुढच्या नंबरची वाट पाहणारे बाकीचे विनोदवीर! मान खाली, नजर मोबाइलमधल्या स्वतःच्या ओळींवर. लग्नाच्या पंगतीत सगळे वाढपीच असावेत आणि जेवणारा कोणी नसावा, तशी गत.

2016 साली ते भाडिपाचं चॅनल निघालं, मग टीव्हीवर हास्यजत्रा आली, आणि घरोघरच्या गप्पिष्टांना वाटू लागलं, एवढं तर आपणही बोलतो की! आमच्याच इमारतीत तिघं आहेत. एक फिजिओथेरपिस्ट आहे, ती पेशंटचा खांदा पिरगाळतानाच पंच टाकून बघते. ओरडला तर दुखलं, हसला तर चाललं.

घराचं काय झालंय ते मात्र विचारू नका. पूर्वी नवरा-बायकोचं भांडण दोघांत राहायचं. आता मी कडाडून काही बोलले की समोरून शांतपणे प्रश्न येतो, ‘हे वापरू का?’ माणसाने रागवायचं तरी कसं? एकदा मी म्हटलं, तुमच्यापेक्षा कुकर बरा, तीन शिट्ट्यांत काम तरी होतं. हे भांडण सोडून वही शोधायला गेले.

आणि सासूबाई! दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यांचं पेन्शन यांच्याच शाखेत. गेल्या वर्षी काउंटरवर नेमकं कोणी नव्हतं, म्हणून हे बसले. पोटच्या पोराने फॉर्म पुढे सरकवून विचारलं, ‘आपण हयात आहात ना?’ सासूबाई म्हणाल्या, ‘तुला वाढवल्यावर माझी मलाच खात्री नाही.’ यांनी ते उचललं आणि तळघरात जाऊन सांगितलं. तळघरभर परकी माणसं आपल्या जिवंतपणावर हसली हे सासूबाईंना फिजिओथेरपिस्टकडून कळलं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांनी एवढंच विचारलं, ‘हशा कुणाच्या वाक्याला होता? तुझ्या की माझ्या?’

मग मीही एकदा गेले. मागे, खांबाआड. हे बोलायला उभे राहिले आणि सपशेल आपटले. पाच मिनिटांत एक हशा, तोही कॉफीच्या मशीनने मध्येच फुस्स केलं म्हणून. मला घाम फुटला. पण मनात म्हटलं, सुटलो, उद्यापासून हा माणूस गुरुवारी घरी जेवेल.

कुठलं काय! रात्री एक वाजता स्वयंपाकघरात दिवा. हे रेकॉर्डिंग ऐकत बसलेले. म्हणाले, ‘हयात हा शब्द फार आधी येतोय गं. तो वाक्याच्या शेवटी हवा. त्याच्यानंतर एक अक्षर नको.’ चौदा वेळा वाक्य फिरवलं. खरं सांगू? आपटले त्याची लाज वाटली नाही, यावेळी मात्र पोटात गोळा आला. बावीस वर्षांच्या नोकरीत कर्जाच्या फायलीकडे या माणसाने असं कधी बघितलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. दिवाळीनंतर जेवताना विषय निघाला. ‘मी विचार करतोय, हे जरा सीरियसली करावं. व्हीआरएस घेतली तर...’ माझ्या हातातली आमटीची वाटी तशीच राहिली. पुढे पुरावा म्हणून, ‘डॉक्टर लागूंनी नाही का 1969 साली चांगली चालणारी डॉक्टरकी सोडली!’

‘त्यांचं उदाहरण तुला लागू नाही,’ सासूबाई म्हणाल्या. बघा, पंच. आणि माइकसुद्धा नाही.

वर त्यांनी पदर खोचून खटलाच चालवला. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, मिरासदार या तिघांचं कथाकथन त्यांनी गणेशोत्सवात भर पावसात छत्रीखाली उभं राहून ऐकलेलं. ‘माडगूळकर आकाशवाणीत, पाटील पाठ्यपुस्तक मंडळात, मिरासदार प्राध्यापक. रात्री गाव हसवायचे, सकाळी कामावर! चिं. वि. जोशींनी चिमणराव लिहिला तो बडोद्याला पाली शिकवता शिकवता. अत्र्यांची झेंडूची फुलं 1925ची, तेव्हा ते शाळामास्तर. आणि राजा गोसावी? लाखाची गोष्ट लागला भानुविलासला, हिरो पडद्यावर आणि तोच खाली खिडकीत तिकिटं फाडतोय! आमच्या वडिलांनी त्याच्याच हातून घेतलं होतं.’ (तसं सांगणारी पुण्यात हजारभर माणसं भेटतील, पण सासूबाईंना कोण अडवणार?)

मला त्यांचं म्हणणं पटलं, पण पुरतं नाही. ती माणसं नोकरीत होती, मान्य. पण चेष्टेवारी करत नव्हती ना! मिरासदारांची गोष्ट कुठे थांबायची हे काय आपोआप ठरायचं? कुठेतरी एक वाजता दिवा जळला असणारच. नोकरी सोडणं आणि मनावर घेणं या दोन गोष्टी आमच्या ह्यांनी एकाच ताटात कालवल्यात, तिथे घोळ आहे. राजीनाम्याने सेट सुधारत असता तर बँकेत कोणी उरलंच नसतं. आणि सगळा दिवस घरी बसले तर मटेरियल येणार कुठून? कर्ज मागायला येणारी माणसं यांच्या पाच मिनिटांतली तीन मिनिटं पुरवतात. उरलेल्या दोनमध्ये मी आणि सासूबाई. आम्हा दोघींवर किती भार टाकायचा?

तूर्त व्हीआरएस मागे पडली आहे. म्हणजे कपाटात आहे, फाडलेली नाही. पण परवा नाशिकहून फोन आला. पाच नाही, पंधरा मिनिटं! यांनी बुधवारची रजा टाकली. आजवर लेकीच्या बारशालासुद्धा अर्धाच दिवस घेतला होता. बॅग भरताना सासूबाईंनी विचारलं, ‘देणार किती?’

‘जायचं-यायचं भाडं. आणि जेवण.’

‘अरे, सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींनासुद्धा दक्षिणा असते. वर शिधा. आणि तिथे कुणी हसलं नाही तरी चालतं.’

यांचे हात बॅगेतच थांबले. मग हळूच खिशातून मोबाइल निघाला.

‘आई, परत एकदा म्हण ना. शिध्यानंतर जरा थांब.’