पंचवीस जास्त, एक कमी

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, १५२ वर ९४ असा आकडा वाचला आणि म्हणाले, "मन रमेल असं काहीतरी करत जा." हे वाक्य त्यांनी माझ्या मुलीसमोर बोलायला नको होतं. चौथ्या दिवशी घरी खोकं आलं. आत १००० तुकड्यांचं जिगसॉ पझल. चित्र क्लोद मोनेचं, कमळांचं तळं. (खरं तर ती कमळं नाहीत, कुमुदिनी आहेत. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं, हिचं पाण्यावर पसरतं. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षकांनी पत्र लिहिण्याची तसदी घेऊ नये.) खोक्याच्या बाजूवर एक बाई डोळे मिटून चहा पीत होती. तिच्यासमोर पझल पूर्ण झालेलं होतं. ते कोणी लावलं, याचा कुठे उल्लेख नव्हता.

मी बँकेत होतो. ३४ वर्षांपैकी १९ वर्षं कॅशमध्ये. बंडल कोणीही देवो, मोजल्याशिवाय ताब्यात घ्यायचं नाही, ही सवय निवृत्तीच्या पेढ्यांबरोबर परत करता येत नाही. मी तुकडे मोजले. १०२५ भरले. दुसऱ्यांदा मोजले, पन्नासपन्नासच्या गड्ड्या करून. १०२५. आता, कॅश कमी भरली तर सोपं असतं. खिशातून भरायची आणि घरी जायचं. जास्त भरली की झोप उडते. ती वेगळ्या खात्यात टाकायची आणि कोणीतरी मागायला येईल म्हणून वाट बघत बसायचं. इथे तर जास्तीचे पंचवीस नेमके कुठले, तेही तुकड्यांवर लिहिलेलं नव्हतं. मन रमवण्याच्या पहिल्या संध्याकाळी मला रात्री दीडपर्यंत झोप लागली नाही.

चित्राचं माप ७० बाय ५० सेंटिमीटर. आमचं जेवणाचं टेबल चार माणसांचं. चित्र आणि न लागलेल्या तुकड्यांचे ढीग मांडल्यावर त्यावर एक मिठाची बरणी राहील एवढी जागा उरली, आणि ती राहिली. आम्ही दोघं खाली बसून जेवू लागलो. गुडघ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही, तो वेगळा लेख आहे.

कडेचे तुकडे दुसऱ्याच दिवशी लागले. १२६. हे पझलमधलं एकमेव सुख. त्यानंतर तळं सुरू झालं.

जाणकार सांगतात, रंगाप्रमाणे ढीग करा. केले. एक निळसर हिरव्याचा, दुसरा हिरवट निळ्याचा, आणि तिसरा ज्याला काय म्हणावं ते आम्हा दोघांना ठरवता आलं नाही त्याचा. तिसऱ्यात सातशेच्या वर तुकडे आले. चित्रात पाणी आहे, पाण्यात आभाळाचं प्रतिबिंब आहे, प्रतिबिंबात झाडं आहेत, झाडांवर पुन्हा पानं तरंगताहेत. मोठ्या भिंतीवर हे छान दिसत असेल. नखाएवढ्या तुकड्यावर ते फक्त ओलं दिसतं.

फुलापानांची चित्रं शांततेसाठी असतात, हा समज कोणी पसरवला याची चौकशी व्हायला हवी. मला स्वारगेटच्या एसटी स्टँडचं चित्र द्या, दोन संध्याकाळींत लावून दाखवतो. तिथे पाट्या असतात. 'सांगली' असं अर्धं लिहिलेला तुकडा आपण कुठे बसतो ते स्वतःच सांगतो. लाल गाडी लाल असते, खांब सरळ असतो, केळेवाला एकच असतो. गर्दी, गोंगाट, धूर असलेलं चित्र हेच खरं शांततेचं चित्र, कारण त्यात प्रत्येक तुकड्याला पत्ता आहे. निसर्गाला पाटी लावायची सवय नाही. एक पान दुसऱ्या पानासारखं काढायचं आणि हजार वेळा काढायचं, हा त्याचा एकूण खाक्या. रानात चालताना आपण त्याला विविधता म्हणतो, कारण तिथे ती पुन्हा जुळवायची नसते.

मुळात या प्रकाराचा जनक सज्जन होता. लंडनचा जॉन स्पिल्सबरी, धंदा नकाशे कोरण्याचा. १७६० च्या दशकात त्याने नकाशे महोगनीच्या फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमेवरून करवतीने कापले, पोरांना भूगोल यावा म्हणून. फ्रान्सचा तुकडा फ्रान्सच्या आकाराचा. त्यात फसवाफसवी नाही, विश्रांतीचं आश्वासनही नाही. अभ्यास म्हणजे अभ्यास. पुढे तुकड्यांना कान आणि खाचा फुटल्या, लाकडाचा पुठ्ठा झाला, आणि १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेत हे वेड शिगेला पोचलं. वर्तमानपत्राच्या स्टॉलवर दर आठवड्याला नवं पझल मिळायचं. लोकांना कामं नव्हती, खिशात पैसे नव्हते, सिनेमाला जाणं परवडत नव्हतं. म्हणजे हा विरंगुळा ज्यांच्यापुढे दुसरा इलाजच उरला नव्हता अशा माणसांचा. मला पेन्शन आहे.

मोनेचंही मी वाचून काढलं, कारण सहाव्या दिवसापासून तुकडे हातात धरून नुसतं बसण्याखेरीज काही होत नव्हतं. जिव्हेर्नीला १८९३ मध्ये त्याने तळ्यासाठी जमीन घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली: या परदेशी झाडांनी आमचं पाणी नासेल. (आमच्या सोसायटीत गच्चीवर शेवग्याची कुंडी ठेवण्यावरून जे झालं, तेच.) तळं झालं. मग होडीतून फिरून पानंफुलं स्वच्छ ठेवायला एक माळी. मग शेजारच्या रस्त्याची धूळ फुलांवर बसते म्हणून पदरचे पैसे घालून त्या रस्त्यावर डांबर. त्या तळ्याची त्याने सुमारे अडीचशे चित्रं काढली. १९०८ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर त्यातली किमान पंधरा स्वतःच नासवून टाकली. पुढे मोतीबिंदू झाला, १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, नंतर रंग भलतेच दिसू लागल्याची कुरकुर. ज्या माणसाला स्वतःच्या तळ्याकाठी, स्वतःच्या माळ्यांसकट, तीस वर्षांत निवांतपणा मिळाला नाही, त्याचं चित्र १०२५ तुकडे करून मला रक्तदाबासाठी दिलं गेलं. खोक्यावर यातलं काहीही छापलेलं नाही.

माणसांचा त्रास वेगळा. शेजारचे काका रोज पेपर परत द्यायला येतात. टेबलापाशी थांबतात, हात पाठीमागे. मी ज्या तुकड्यावर पाऊण तास घालवलाय तो दोन बोटांनी उचलतात, बसवतात, "बसला की!" म्हणतात आणि जातात. लिफ्टमध्ये मग तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगतात, "आम्ही एक पझल लावतोय." त्यांनी एकूण नऊ तुकडे लावले. त्यातले चार चुकीचे होते. चुकीचा तुकडाही बसतो, हे या धंद्यातलं सर्वांत मोठं दुष्कर्म आहे. कान खाचेत जातो, टक्क आवाज होतो, आणि दोन दिवसांनी कळतं की आपण पाण्याच्या जागी पान बसवून त्याभोवती पुढचं तळं रचलंय.

कामाच्या मावशी रोज विचारत, "काका, हे उचलू का?" त्यांचा हेतू चांगला होता.

झाडांना पाणी घालणं हे आमच्या घरात माझं काम. त्या १९ दिवसांत अबोली वाळली, मोगऱ्याने माना टाकल्या, तुळस सौ.ने वेळेवर ताब्यात घेतली म्हणून वाचली. घरातल्या फुलांची बेरीज मात्र कायम राहिली. टेबलावर जेवढी उमलत गेली तेवढी गॅलरीतून वजा झाली. या दरम्यान डॉक्टरांकडे जाऊन आलो. १५८ वर ९६. "काही ताण आहे का?" म्हणाले. मी म्हटलं, कमळं.

एकोणिसाव्या रात्री सगळं लागलं. एक भोक सोडून. डावीकडे खाली, पांढऱ्या फुलाच्या ऐन मध्यावर. हातात एकही तुकडा शिल्लक नाही.

मी रीतसर चौकशी केली. मावशींची सुपली तपासली. फ्रीजखाली झाडूचा दांडा घातला. रक्तदाबाची एक गोळी, दोन शेंगदाणे आणि कुठल्या तरी लग्नाच्या अक्षता निघाल्या. शेजारच्या काकांना बर्म्युडाचे खिसे उलटे करून दाखवायची विनंती केली. त्यांनी दाखवले. त्यानंतर ते पेपर दाराबाहेरच ठेवतात.

सौ. शाळेत गणित शिकवायची. तिने चष्मा लावला, वरच्या कडेचे तुकडे मोजले, बाजूचे मोजले आणि वाण्याच्या यादीमागे लिहिलं: ३८ गुणिले २७, बरोबर १०२६. हे तुकडे साच्याने आडव्याउभ्या ओळींत कापतात. बऱ्यापैकी चौकोनी यावेत म्हणून बरेच कारखाने हजारच्या नावाखाली १०२६ च कापतात. मला मिळाले १०२५. म्हणजे पंचवीस जास्त कधीच नव्हते. पहिल्या दिवसापासून एक कमी होता. हा गुणाकार दुसऱ्या दिवशी, कड लागली तेव्हाच करता आला असता, असं ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

मी कंपनीला फोन केला. मुलगी अतिशय नम्र होती.

"सर, बॉक्सवर किती पीसेस लिहिलेत?"

"हजार."

"तुमच्याकडे किती आहेत?"

"१०२५."

"मग सर, तक्रार नेमकी काय आहे?"

हा आवाज मी ओळखला. काउंटरच्या आतल्या बाजूने मी तो १९ वर्षं काढला आहे. मी आभार मानून फोन ठेवला.

दरम्यान मुलीने दुसरं खोकं पाठवलंय. कासच्या पठाराचा, आम्हीच काढलेला फोटो, छापून कापून आलेला. लांबवर नुसता गुलाबी तेरडा. ५०० तुकडे, असं खोक्यावर म्हटलंय. ते मी मोजलेले नाहीत.

कॅशचा एक नियम आहे: एका काउंटरला कमी पडलं की दुसऱ्या कुठल्या तरी काउंटरला जास्त भरतं. तेव्हा आपल्यापैकी कोणाकडे मोनेचं हेच तळं असेल आणि ते लावून एक तुकडा उरला असेल, तर कृपया कळवावं. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध किंचित पिवळा, दोन कान, दोन खाचा. गुरुवारच्या आत मिळाला तर बरं. शुक्रवारी चार माणसं जेवायला आहेत आणि ती खाली बसणाऱ्यांतली नाहीत.